चार बोटांचं अंतर

दर हिवाळ्यात मुंबईच्या हवेवरून जो वाद रंगतो, तो आता सगळ्यांना पाठ झाला आहे. सकाळी शिवाजी पार्कच्या किनाऱ्यावरून सी लिंकचे मनोरे दिसेनासे होतात. कोणीतरी फोटो काढतं आणि विचारतं, "डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की सरकारी आकड्यावर?" कारण नेमका त्याच वेळी हवेच्या गुणवत्तेच्या सरकारी निर्देशांकाचा आकडा ‘समाधानकारक’ म्हणत असतो. लगेच दुसरा पक्ष सरसावतो: डोळ्यांना काय कळतंय, ते साधं धुकं असेल, आकडा बघा, जरा विज्ञान बघा. पहिला पक्ष म्हणतो, आकडे मॅनेज होतात, माझा खोकला होत नाही. २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबई उच्च न्यायालयाने या हवेची स्वतःहून दखल घेतली. त्याने प्रशासन थोडंफार हललं असेल. वाद मात्र होता तिथेच आहे, आणि तो वाईट रीतीने घातला जातोय असं माझं मत आहे.

वाईट अशासाठी की दोन्ही पक्षांनी एकच गृहीतक न तपासता उचललं आहे. कान आणि डोळा यांत चार बोटांचं अंतर असतं, ही म्हण आपण सगळे ऐकत आलो (ऐकत, हे लक्षात घ्या). पाहिलेलं ते पहिल्या वर्गाचं ज्ञान आणि ऐकलेलं ते दुसऱ्या, असा तिचा अर्थ. पहिला पक्ष म्हणून स्वतःच्या डोळ्याला मान देतो. दुसरा यंत्राला अधिक तीक्ष्ण डोळा समजतो. पण आपल्या फोनवर दिसणारा आकडा हे काही पाहणं नव्हे. कोणीतरी मोजलं, कोणीतरी सरासरी काढली, कोणीतरी वर्गवारी ठरवली आणि मग ते आपल्याला सांगितलं. ती साक्ष आहे. आणि साक्ष असल्यामुळे ती दुय्यम ठरत नाही. ज्ञानाची खरी सीमारेषा डोळा आणि कान यांच्यामधून जातच नाही. ज्या सांगण्याची उलटतपासणी होऊ शकते आणि ज्याची होऊ शकत नाही, त्यांच्यामधून ती जाते. डोळ्याची साक्षही या नियमाला अपवाद नाही.

आधी त्या आकड्याचीच थोडी उलटतपासणी करू. आपला राष्ट्रीय निर्देशांक आठ प्रदूषकांचा विचार करतो, प्रत्येकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतो आणि ज्याचा सर्वांत जास्त तोच आकडा जाहीर होतो. सूक्ष्म धुळीसाठी चोवीस तासांची सरासरी धरतात. म्हणजे सकाळी सातला तुमचं नाक चुरचुरत असताना दिसणाऱ्या आकड्यात काल दुपारचा समुद्रावरचा वाराही मिसळलेला असतो. समजा हवेत पीएम २.५चं, म्हणजे या सूक्ष्म धुळीचं, प्रमाण घनमीटरला ५५ मायक्रोग्रॅम आहे. आपल्या मोजपट्टीवर याचा निर्देशांक ९२च्या आसपास येतो, वर्ग ‘समाधानकारक’. अमेरिकी मोजपट्टीवर तीच हवा दीडशेला टेकते. परदेशी अ‍ॅप आणि सरकारी संकेतस्थळ एकाच दिवशी वेगळं बोलतात ते बऱ्याचदा या कारणाने, त्यात कोणी खोटं बोलत असेलच असं नाही. आपलं चोवीस तासांचं मानक ६० मायक्रोग्रॅमचं आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारस १५ची. तेव्हा ‘समाधानकारक’ हा शब्द हवेइतकाच आपण स्वीकारलेल्या मानकाबद्दल सांगतो. हे एवढं कळलं की ‘आकडा खरा की डोळे खरे’ या भांडणातली निम्मी हवा निघून जाते.

उरलेल्या निम्म्यासाठी मात्र थोडं खोलात जायला हवं. आपल्याला माहीत असलेल्या गोष्टींपैकी स्वतः पाहिलेल्या किती? आपली जन्मतारीख आपल्याला कोणीतरी सांगितलेली असते. जन्माच्या वेळी आपण हजर होतो खरे, पण साक्षीदार म्हणून निरुपयोगी. तानसा, वैतरणा, भातसा ही धरणं किती मुंबईकरांनी पाहिली आहेत? नळाला येणारं पाणी तिथून येतं, ते शुद्ध केलेलं असतं, हे सगळं ऐकीव, आणि त्या ऐकीवाच्या भरवशावर आपण पेला तोंडाला लावतो. शिवाजी महाराज, पानिपत, प्लासी, मलेरियाचा डास, चंद्राचं अंतर, आजोबांचं गाव. यातून सांगितलेलं वजा केलं तर डोक्यात एका खोलीचा आणि एका गल्लीचा नकाशा उरेल, आणि त्या गल्लीचं नावही कोणीतरी सांगितलेलंच.

याला आपल्याकडे जो सर्वांत भक्कम आक्षेप आहे तो महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासातूनच येतो, आणि तो हलक्यात काढता येणार नाही. शब्दप्रामाण्याविरुद्ध, म्हणजे सांगितलं आहे म्हणून खरं मानण्याविरुद्ध, लढण्यात इथल्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या. आगरकरांनी १८८८मध्ये ‘सुधारक’ काढलं ते बुद्धिप्रामाण्याचा आग्रह धरण्यासाठी. जोतीराव फुल्यांनी दाखवून दिलं की ज्याला ईश्वराचं वचन म्हणतात ते लिहिणाऱ्यांच्या सोयीचं वचन आहे. शतकानुशतकं ‘असं सांगितलं आहे’ या तीन शब्दांच्या जोरावर माणसांना पाणवठ्यापासून, अक्षरापासून, देवळापासून दूर ठेवलं गेलं. अशा समाजात उठून ‘साक्ष दुय्यम नाही’ म्हणणं म्हणजे मागच्या दाराने पोथीला पुन्हा घरात घेणं नव्हे काय?

आक्षेपात तथ्य आहे. शब्दाला प्रमाण मानणाऱ्या नैयायिकांनी (न्यायदर्शनाच्या पंडितांनी) त्याच युक्तिवादाने वेदांचं प्रामाण्यही सिद्ध करून घेतलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण फुल्यांनी स्वतः काय केलं तेही पाहू. १८८२मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं. शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाची दशा काय आहे, सरकारचा पैसा कोणाच्या मुलांवर खर्च होतो, हे त्यांनी आयोगाला सांगितलं. स्वतः शाळा काढून चालवल्याचा दाखला त्यात होता. आयोगाचे सदस्य त्या वस्त्यांत राहिले नव्हते, त्यांना हे कळण्याचा मार्ग एकच, फुल्यांचं म्हणणं ऐकणं. ती साक्षच होती. फरक असा की पोथीला प्रश्न विचारण्याची बंदी होती आणि फुल्यांच्या निवेदनातला प्रत्येक दावा पडताळायला आयोग मोकळा होता. सुधारकांची लढाई ऐकण्याशी नव्हतीच. प्रश्न विचारता न येणाऱ्या सांगण्याशी ती होती. आज त्यांचं नाव घेऊन ‘कोणाचंच ऐकू नका, स्वतः पाहा’ असा उपदेश करणारे त्यांच्या लढाईचं भलतंच सोपं रूप विकतात.

बुद्धाच्या बाबतीतही असंच होतं. केसपुत्तच्या कालामांना त्यांनी केलेला उपदेश आपल्याकडे सतत सांगितला जातो: परंपरेने आलं म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू म्हणतो म्हणून मानू नका. हे खरंच आहे. मात्र त्याच यादीत केवळ तर्काने पटतं म्हणून मानू नका, असंही आहे, ते बहुधा गाळलं जातं. आणि पुढे काय सोडावं हे सांगताना एक कसोटी येते ती म्हणजे सुज्ञ लोक ज्याची निंदा करतात ते. म्हणजे दुसऱ्यांच्या मताला तिथेही जागा आहे, फक्त कोणाच्या मताला हे पारखून घ्यायचं आहे.

ही पारख कशी करायची याचा विचार आपल्याकडे फार पूर्वी आणि फार बारकाईने झाला आहे, आणि तो धर्माच्या कपाटात बंद पडला याचं मला वाईट वाटतं. ज्ञानाचं साधन म्हणजे प्रमाण. चार्वाकांनी फक्त प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांनी अनुभवलेलं, मानलं. बौद्ध तर्कशास्त्रज्ञांनी आणि वैशेषिकांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणं स्वतंत्र मानली. त्यांच्या मते ऐकलेल्यावरून आपण अनुमानच करतो. न्यायदर्शनाने मात्र शब्दाला स्वतंत्र प्रमाण म्हटलं आणि व्याख्या केली: आप्ताचा उपदेश म्हणजे शब्द. आप्त म्हणजे नात्याचा नव्हे. ज्याला ती गोष्ट साक्षात ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. वात्स्यायनाने भाष्यात पुढे जे जोडलं आहे ते मला फार मोलाचं वाटतं: हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ यांना सारखंच लागू. जातीने, कुळाने, भाषेने कोणी आप्त ठरत नाही. त्या विषयातली माहिती आणि प्रामाणिकपणा यांनी ठरतो. ही कसोटी समाजाने खरोखर लावली असती तर फुल्यांना एवढं झगडावं लागलं नसतं, हा भाग वेगळा.

दुसरा आक्षेप तात्त्विक आहे आणि वकिलांना तो विशेष आवडतो. सांगणाऱ्याला तरी कुठून कळलं? त्याने पाहिलं असेल किंवा आणखी कोणाकडून ऐकलं असेल. ही साखळी कुठेतरी कोणाच्या तरी डोळ्यापाशी थांबलीच पाहिजे, तेव्हा मूळ प्रत्यक्षच. १८७२च्या पुरावा कायद्याने तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे असं म्हटलं, म्हणजे पाहिल्याची गोष्ट पाहणाऱ्यानेच सांगायची. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच तत्त्व कायम आहे. ऐकीव पुरावा न्यायालय घेत नाही, मग आपण का घ्यावा?

साखळीचं म्हणणं मान्य. पण न्यायालयाचं उदाहरण आक्षेप घेणाऱ्यांवरच उलटतं. न्यायाधीशाने गुन्हा पाहिलेला नसतो. पाहिला असेल तर तो त्या खटल्यात न्यायाधीश म्हणून बसू शकत नाही, त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जावं लागेल. न्यायालयाचं सगळं ज्ञान हे सांगितलेलंच असतं. ऐकीव पुरावा बाहेर ठेवतात तो कानावाटे आला म्हणून नव्हे, कारण साक्षीदाराचा शब्दही कानावाटेच येतो. ज्याने मुळात पाहिलं तो शपथेवर समोर नाही, त्याला उलट प्रश्न विचारता येत नाहीत, हे त्यामागचं मोठं कारण. मृत्युपूर्व जबाब हा अपवाद आहे, आणि तोही न्यायालयं फार जपून तोलतात. शिवाय एखादी गोष्ट सिद्ध व्हायला किती साक्षीदार लागतात याची संख्या कायद्याने ठरवलेली नाही. एकाचीही साक्ष पुरते, ती तपासात टिकली तर. दीडशे वर्षं रोज चालणाऱ्या या व्यवस्थेने जो धडा गिरवला तो आपल्या चर्चांत का येत नाही?

आता डोळ्याचीच उलटतपासणी घेऊ. १९७४मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या फिती दाखवल्या आणि वेग विचारला. प्रश्नात ‘गाड्या एकमेकींना लागल्या’ऐवजी ‘एकमेकींवर आदळल्या’ अशा अर्थाचं क्रियापद घातलं की वेगाचा अंदाज वाढत असे. आठवड्याने त्यांना विचारलं, काच फुटलेली दिसली का? काच फुटलीच नव्हती, पण जोरकस क्रियापद ऐकलेल्यांपैकी ‘हो’ म्हणणारे दुपटीहून जास्त निघाले. म्हणजे डोळ्याने पाहिलेलं डोक्यात जाऊन बसतं तेव्हा आजूबाजूचे शब्द त्यात मिसळतात. अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष सुटलेल्या कैद्यांच्या प्रकरणांत सर्वांत जास्त आढळलेलं कारण साक्षीदाराने केलेली चुकीची ओळख, हे होतं. ते साक्षीदार खोटारडे नव्हते. त्यांनी ‘स्वतः पाहिलं’ होतं.

यापेक्षा चांगलं उदाहरण आपल्या माहीमला घडलं आहे. ऑगस्ट २००६मध्ये माहीमच्या खाडीचं पाणी गोड झाल्याची बातमी पसरली आणि हजारो माणसं किनाऱ्यावर लोटली. लोक ओंजळीने प्यायले, बाटल्या भरून घरी नेल्या. आजही तो प्रसंग ‘अफवेला बळी पडलेली गर्दी’ म्हणून सांगितला जातो. तसा तो नव्हता. लोकांनी नुसतं ऐकलं नाही, त्यांनी चाखून पाहिलं, आणि पाणी खरोखरच नेहमीपेक्षा कमी खारट होतं. पावसाळ्यात मिठी नदीतून आलेलं गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्याने वर राहिलं, हे शास्त्रज्ञांनी नंतर समजावलं. जिभेने दिलेली साक्ष बरोबर होती. तिला जे सांगता येत नव्हतं ते असं की मिठीत शहराचं सांडपाणी आणि कारखान्यांचा मळ येतो. जंतूंना चव नसते. ते ज्यांना ठाऊक होतं ते अधिकारी ‘पिऊ नका’ म्हणून ओरडत होते. त्या संध्याकाळी प्रत्यक्ष प्रमाणाने माणसं पाण्यात उतरली आणि शब्दप्रमाण त्यांना बाहेर बोलावत होतं. ‘स्वतः पाहा, कोणाचं ऐकू नका’ हा सल्ला तिथे कोणी द्यायला हवा होता का?

आणि २६ जुलै २००५? सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्यात त्याच काळात ७३. कुलाब्याच्या माणसाने खिडकीतून पाहिलेला पाऊस शंभर टक्के खरा होता, आणि त्यावरून त्याने कुर्ल्याबद्दल काही ठरवलं असतं तर ते शंभर टक्के चुकलं असतं. हवेचंही असंच आहे. पीएम २.५चे कण केसाच्या जाडीच्या वीसाव्या-तिसाव्या हिश्शाचे. सुटा कण दिसत नाही. दिसतं ते धुरकं, आणि त्यात बाष्प किती, धूळ किती हे डोळा सांगू शकत नाही. स्वस्त सेन्सर घरात लावणाऱ्यांनाही सांगायला हवं की प्रकाश विखुरण्यावर चालणारी ही उपकरणं दमट हवेत आकडा फुगवून दाखवतात, आणि मुंबईत दमटपणाला तोटा नाही. त्याच वेळी सरकारी केंद्र तुमच्या इमारतीसमोरच्या पाडकामाबद्दल काही सांगू शकत नाही, कारण ते तिथे नाही. तिथे तुमचं नाक हाच जवळचा साक्षीदार. दोघांनाही आपापल्या हद्दीत प्रश्न विचारावेत, एवढंच.

या सगळ्यात गेल्या काही वर्षांत एक नवी गफलत शिरली आहे. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला की माणूस म्हणतो, मी स्वतः पाहिलं. नाही पाहिलं. व्हिडिओ ही कोणीतरी कापून, जोडून, वर दोन ओळी लिहून पाठवलेली साक्ष आहे, प्रत्यक्षाचा अंगरखा घातलेला शब्द. २०१८च्या उन्हाळ्यात देशभर मुलं पळवणाऱ्या टोळीचा जो व्हिडिओ फिरत होता तो कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीपटाचा तुकडा होता. शेवट कापून टाकल्यामुळे अपहरण खरं वाटत होतं. त्या वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. मुलं चोरणारे आले आहेत, हे त्या भागात आधीच पसरलं होतं. त्या पाच जणांना कोणीही एक प्रश्न विचारून त्याचं उत्तर ऐकून घेतलं नाही. त्या महिन्यातच व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाच जणांपुढे संदेश ढकलण्यावर बंधन आणलं. ठीक आहे. पण आज यंत्राने बनवलेला चेहरा आणि आवाज पाठवणाऱ्याच्या पाचांतही बसतो. ज्या समाजाने डोळ्याला अपील नसलेलं न्यायालय मानलं त्याची फसवणूक सर्वांत सोपी.

इथे विवेकवादी मित्र म्हणतील, मग बरंच झालं, काहीच मानू नये. लंडनच्या रॉयल सोसायटीचं ब्रीदच होतं, कोणाच्याही शब्दावर जाऊ नका. ब्रीद सुंदर आहे. पण १६६५पासून त्या वर्तुळातून निघणारं नियतकालिक दूरदूरच्या माणसांनी पाठवलेल्या पत्रांनी भरलेलं असे, म्हणजे शब्दांनीच. शब्द नाकारून विज्ञान चाललं नाही, कोणी, कुठे, कसं पाहिलं ते लिहून काढून चाललं. न मानण्याचीही किंमत असते, आणि ती क्वचितच मोजली जाते. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६९०मध्ये सयामच्या (आजच्या थायलंडच्या) राजाची गोष्ट लिहिली आहे. डच राजदूताने त्याला सांगितलं की आमच्याकडे थंडीत पाणी इतकं घट्ट होतं की त्यावरून माणसं चालतात, हत्तीही चालू शकेल. राजा म्हणाला, आजवर मी तुला खरा माणूस समजत होतो, आता कळलं तू खोटं बोलतोस. राजा मूर्ख नव्हता, स्वतःच्या अनुभवाशी प्रामाणिक होता. (१८३०च्या दशकात बोस्टनहून जहाजाने बर्फ मुंबई बंदरात उतरू लागला. राजाला थोडं थांबावं लागलं असतं.) पॅरिसच्या विद्वानांनी अठराव्या शतकात आकाशातून दगड पडल्याच्या शेतकऱ्यांच्या गोष्टी अशाच बाजूला सारल्या. १८०३मध्ये फ्रान्समधल्या लेग्ल गावावर हजारोंनी दगड पडले, तेव्हा ज्याँ बातिस्त बिओ हा शास्त्रज्ञ तिथे गेला, गावोगावच्या माणसांचे जबाब घेतले, दगड कुठे कुठे सापडले ते ताडून पाहिलं आणि शेतकरी खरं बोलत होते हे मान्य झालं.

कोणाचा शब्द सहज बाजूला सारला जातो, हा प्रश्न मग टाळता येत नाही. १९७२मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, आणि १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, हे त्यामागच्या कारणांपैकी एक. तिचा शब्द होता, पण डोळ्याला दिसेल असं काही हवं होतं. १९७९मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. मुंबईत स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात, संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि आपली संमती नव्हती असं तिने न्यायालयात सांगितलं, तर ती नव्हती असंच न्यायालयाने गृहीत धरायचं. एका साक्षीचं वजन कायद्याने वाढवलं, आणि आरोपीला ते खोडून काढायची संधीही ठेवली. ‘प्रत्यक्ष पुरावा दाखवा’ हे वाक्य किती निरागस दिसतं आणि कोणाच्या विरुद्ध वापरलं जातं, हे इतकं स्वच्छ दाखवणारं दुसरं प्रकरण माझ्या डोळ्यांपुढे नाही.

तिसरा आक्षेप उरतो आणि मला तो सर्वांत अवघड वाटतो. संस्था खोटं बोलतात. मुंबईला हे कोणी शिकवायची गरज नाही. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग गाठीच्या प्लेगचा आहे असं सांगितलं. त्यांचं निदान बरोबर होतं. पण त्यानंतर सरकारने १८९७चा साथरोग कायदा हातात घेऊन घरं तपासली, माणसांना ओढून इस्पितळात नेलं, बायकांची तपासणी केली. मार्च १८९८मध्ये शहरात दंगल उसळली. लोकांचा अविश्वास अडाणीपणातून आला होता असं इंग्रजी कागदपत्रं म्हणतात. मला तसं वाटत नाही. जो अधिकारी काठी घेऊन येतो आणि प्रश्नाचं उत्तर देत नाही, त्याचा शब्द खरा असला तरी लोकांच्या दृष्टीने तो आप्त ठरत नाही.

त्याच शहरात, त्याच साथीत जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात ती देऊन पाहिली गेली. त्यांच्या शब्दामागे काहीतरी पणाला लागलं होतं. तरी पुढे १९०२मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला एका बाटलीतल्या लशीतून १९ माणसं धनुर्वाताने दगावली, तेव्हा दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला. बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ही बाजू पुढे आली. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी जाहीरपणे आवाज उठवला आणि हाफकिन निर्दोष ठरले ते १९०७मध्ये. पाच वर्षं गेली. पण नोंदी होत्या, बाटलीला क्रमांक होता, कोणी काय केलं याचे जबाब होते, म्हणूनच दुरुस्ती शक्य झाली. हवेच्या आकड्याबाबत मागणी करायचीच तर या जातीची करावी: कोणतं केंद्र किती तास बंद होतं, यंत्र शेवटचं कधी तपासून जुळवलं, सरासरीआधीचे तासातासाचे आकडे कुठे आहेत, आणि याला उत्तर देणारा अधिकारी कोण. ‘सगळे खोटारडे’ म्हटलं की यांतलं एकही उत्तर द्यावं लागत नाही. अविश्वासाने खोटं बोलणाऱ्याचं फावतं ते असं.

आणि उलट दिशेनेही पाहायला हवं, कारण ज्या साक्षी कोणी मागितल्याच नाहीत त्यांचं काय? गिरणगावातल्या ब्लोरूम (कापूस मोकळा करण्याच्या) आणि कार्डिंग (पिंजण्याच्या) खात्यात कापसाच्या तंतुमय धुळीत काम करणाऱ्यांना बिसिनोसिस नावाचा छातीचा आजार होत असे. त्याची खूण अशी: साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतलं की पहिल्या दिवशी छाती आवळते, धाप लागते, पुढे आठवडाभरात ती कमी होत जाते. आजार मुरला की मग रोजच. एक्सरेमध्ये याची अशी वेगळी खूण उमटत नाही. दगडाच्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिससारखे डाग दिसत नाहीत. निदानाचा मुख्य आधार एकच, कामगाराला विचारायचं की कधी आवळतं, सोमवारी की रोज, किती वर्षांपासून, कोणत्या खात्यात. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांसाठी १९५०च्या दशकात डॉक्टरांनी प्रश्नावली तयार केली ती याच कारणाने. जगातलं सर्वांत महागडं उपकरण आणलं तरी ते त्या माणसाच्या ‘सोमवारी जास्त होतं’ या वाक्याची जागा घेऊ शकत नाही. आता गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले आणि शहरभर मोठ्या बांधकामांभोवती ३५ फुटी पत्रे लावायचे आदेश निघाले, धूळ बाहेर येऊ नये म्हणून. पत्र्याच्या आतल्या धुळीत दिवसभर उभा असलेला बिगारी कोणत्याही हवा केंद्राच्या आकड्यात नाही. पालिकेच्या दवाखान्यात छातीची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला काम काय करता, किती वर्षं करता आणि सुट्टीच्या दिवशी बरं वाटतं का, एवढं विचारून केसपेपरवर लिहायचं ठरवलं, तर त्याला निविदा काढावी लागणार नाही.